हॅमिल्टन नाकी : एका दंतकथेचे शुद्धिपत्र

वीस वर्षांपूर्वी, २००५ च्या जूनमध्ये, आमच्या भागातल्या एका साप्ताहिकात माझा एक लेख छापून आला होता. 'हृदय काढणारा माळी' हे त्याचे शीर्षक. दक्षिण आफ्रिकेतले हॅमिल्टन नाकी हे कृष्णवर्णीय गृहस्थ २९ मे २००५ रोजी वारले आणि जगातल्या नामांकित नियतकालिकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिले. ते समोर ठेवून मी लिहिले होते, की केप टाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदयारोपण केले, तेव्हा दात्याच्या छातीतून हृदय काढण्याचे नाजूक काम नाकींनी केले; पण ते काळे होते, शाळा अर्धवट सोडलेले होते आणि विद्यापीठात माळी म्हणून लागले होते, म्हणून गोऱ्या राजवटीने त्यांचे नाव दडवले.

लेख लोकांना फार आवडला. दोन मासिकांनी तो पुन्हा छापला. एका शिक्षक संघटनेने त्याच्या झेरॉक्स वाटल्या. कौतुकाच्या पत्रांत एक पोस्टकार्ड होते, एका निवृत्त सर्जनांचे. त्यावर एवढेच लिहिलेले : 'लेख वाचला. नाकी त्या रात्री शस्त्रक्रियागृहात होते, हे आपणांस कोणत्या कागदावरून कळले? कळवावे.'

मी उत्तर दिले नाही. कार्ड मोल्सवर्थच्या शब्दकोशात ठेवून दिले. गेल्या वर्षी एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावले होते. आठवीतली एक मुलगी हॅमिल्टन नाकींवर बोलली. तिच्या भाषणातली तीन वाक्ये माझी होती, शब्दाला शब्द. पहिले बक्षीस तिला आम्हीच दिले. घरी आलो आणि ते कार्ड शोधून काढले.

हा लेख म्हणजे त्या कार्डाचे उत्तर आहे. ज्यांनी विचारले ते आता हयात नाहीत.

त्या रात्री काय घडले

जे नक्की ठाऊक आहे ते आधी मांडतो. २ डिसेंबर १९६७, शनिवार. डेनिस डारव्हॉल ही पंचवीस वर्षांची तरुणी आईबरोबर केक घेऊन रस्ता ओलांडत होती. भरधाव मोटारीने दोघींना उडवले. आई जागीच गेली. डेनिसच्या मेंदूला झालेली इजा भरून येण्यासारखी नव्हती. वडिलांनी हृदय देण्यास संमती दिली. ग्रूट शूरमध्ये शेजारशेजारच्या दोन शस्त्रक्रियागृहांत काम सुरू झाले. एकीकडे लुई वॉशकान्स्की हा रुग्ण, दुसरीकडे डेनिस. तिचे हृदय काढणाऱ्या चमूत बर्नार्ड यांचे धाकटे बंधू मारियस आणि टेरी ओडोनोव्हन हे सर्जन होते. परिचारिका, भूलतज्ज्ञ, यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ धरून एकूण तीसेक माणसे त्या रात्री राबत होती. वॉशकान्स्की अठरा दिवस जगले आणि न्यूमोनियाने गेले.

या तीसेक जणांत हॅमिल्टन नाकी नव्हते. केप टाऊनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे त्यांच्याबद्दल आदर असणाऱ्या माणसांनीच, हे स्पष्ट सांगितले. ज्या 'द इकॉनॉमिस्ट' आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मृत्युलेखात ती कथा छापली होती, त्या दोघांनीही त्याच वर्षी दुरुस्ती छापली. माझा लेख येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. दुरुस्ती मी वाचली. ती कळवावी असे वाटले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. वाटले होते, कळवले नाही.

का, ते सांगायला हवे. मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडले आणि मिरजेत औषधांच्या दुकानात लागलो. इतिहासाचे वाचन नगर वाचनालयात झाले, इंग्रजी औषधांच्या पुड्यांतली माहितीपत्रके वाचून सुधारले. परिसंवादांत 'आपण कुठल्या विद्यापीठातून?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. पदवीवाल्यांनी लपवून ठेवलेल्या बिनपदवीच्या माणसाची गोष्ट मला हवीच होती. जी गोष्ट आपल्याला हवी असते, तिचा कागद आपण मागत नाही.

आता मागितल्यावर जे हाती लागले, ते माझ्या लेखापेक्षा निराळे आहे. नाकींचे खरे काम त्या रात्रीत नव्हतेच. ते त्या रात्रीच्या आधी आणि नंतर, अनेक वर्षे, रुग्णालयापासून वेगळ्या अशा एका प्रयोगशाळेत चालले होते. ते काम काय होते हे समजण्यासाठी सर्जनचा हात कसा तयार होतो, याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

हात कुठे शिकले

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना १८९४ मध्ये ल्यों शहरात एका अराजकवाद्याने भोसकले. सुऱ्याने यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली. शहरातले उत्तम सर्जन जमले, पण तुटलेली रक्तवाहिनी शिवून पूर्ववत करण्याची रीतच कोणाला ठाऊक नव्हती. राष्ट्राध्यक्ष रक्तस्रावाने गेले. त्याच शहरात अलेक्सी कॅरेल नावाचा तरुण वैद्यकाचे शिक्षण घेत होता. ही शीर शिवता यायला हवी होती, असे त्याने मनात घेतले. त्यासाठी तो कोणा प्राध्यापकाकडे गेला नाही, मादाम लरुदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला. अत्यंत बारीक सुई, रेशमाचा धागा आणि कापड न चुरगाळता टाका घालण्याची हातोटी तो त्यांच्याकडून शिकला. १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ते ताणले की वर्तुळाचा त्रिकोण होतो, आणि सरळ कडा शिवणे सोपे जाते. १९०५ मध्ये शिकागोत चार्ल्स गथ्री यांच्यासह त्याने एका कुत्र्याचे हृदय दुसऱ्याच्या मानेत जोडून पाहिले. ते सुमारे दोन तास धडधडले. १९१२ मध्ये कॅरेलला नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगात कुठेही अवयव जोडला जातो, तेव्हा त्या टाक्याच्या मुळाशी ल्योंच्या त्या बाईंचा टाका असतो.

पुढचा टप्पा मॉस्कोतला. व्लादिमिर देमिखोव यांनी १९४६ मध्ये कुत्र्याच्या छातीत दुसरे हृदय बसवले, आणि त्याच काळात हृदय व फुप्फुसे एकत्र बदलण्याचे प्रयोगही केले. तेव्हा हृदयाचे काम तात्पुरते सांभाळणारे हार्ट-लंग मशीन नव्हते. शिवण इतक्या झपाट्याने आणि अशा क्रमाने घालायची, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटता कामा नये. सगळी मदार हातावर आणि आधी ठरवलेल्या क्रमावर. देमिखोव वैद्यकाचे पदवीधर नव्हते, त्यांचे शिक्षण जीवशास्त्राचे. त्यांच्या देशात त्यांची पुष्कळ हेटाळणी झाली. कुत्र्याला दुसरे डोके जोडल्याच्या त्यांच्या १९५४ मधल्या प्रयोगाने तर कुप्रसिद्धीच मिळाली. पण ख्रिस्तियान बर्नार्ड मॉस्कोला जाऊन त्यांची प्रयोगशाळा पाहून आले होते, आणि पुढे देमिखोवांना आपले गुरू मानत राहिले.

तिसरा टप्पा कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डचा. तिथे नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी १९६० मध्ये कुत्र्यांवरील हृदयारोपणाचा अहवाल प्रसिद्ध केला. आठ कुत्र्यांपैकी पाच कुत्री ६ ते २१ दिवस जगली. त्यांची युक्ती सांगायला सोपी आहे. हृदयाला जोडलेल्या सगळ्या शिरा एकेक करून शिवत बसलो तर वेळ निघून जातो. म्हणून रुग्णाचे हृदय काढताना वरच्या दोन कप्प्यांची मागची भिंत शिरांसकट जागेवरच ठेवायची आणि नव्या हृदयाचे तेच दोन कप्पे त्या भिंतीला शिवायचे. मग शिवणी उरतात चारच : डावा कप्पा, उजवा कप्पा, फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि महाधमनी. काढलेले हृदय बर्फाच्या पाण्यात ठेवायचे म्हणजे ते टिकते. बर्नार्ड यांचे शिक्षण १९५६ ते १९५८ या काळात मिनेसोटात झाले होते, तिथे शमवेही होते. पुढे १९६६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेत गेले, तेव्हा रिचमंडमध्ये लोअर यांची शस्त्रक्रिया त्यांनी जवळून पाहिली. केप टाऊनला परतल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेत पन्नासच्या आसपास कुत्र्यांवर हृदयारोपण झाले. डिसेंबर १९६७ ची ती रात्र अशी हळूहळू जुळून आली होती.

या सगळ्या प्रयोगशाळा एकमेकींपासून हजारो मैलांवर असल्या, तरी आतून सारख्याच होत्या. पिंजरे, एक-दोन टेबले, उकळत ठेवलेली हत्यारे. सर्जन येत, वर्ष-दोन वर्षे शिकत आणि निघून जात. नोकरीला कायमची असत ती पिंजरे धुणारी, भूल देणारी, छाती उघडून ठेवणारी माणसे. नवा सर्जन आला की मागच्याने काय केले होते, कुठे चुकले होते, हे त्यालाच विचारावे लागे जो तिथे कायमचा होता. केप टाऊनमध्ये हा माणूस हॅमिल्टन नाकी होता.

नाकी : जेवढे खरे आहे तेवढे

त्यांचा जन्म १९२६ चा, ट्रान्सकाय भागातल्या एका खेड्यातला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि काम शोधत ते केप टाऊनला आले. विद्यापीठात माळी म्हणून लागले. टेनिसच्या मैदानांवर रोलर फिरवणे हे त्यांच्या कामांपैकी एक. १९५४ मध्ये शल्यचिकित्सा संशोधनाच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. रॉबर्ट गोएट्झ यांना एका धिप्पाड माणसाची गरज पडली, कारण टेबलावर जिराफ होता. एवढ्या उंच मानेचा प्राणी पाणी प्यायला खाली वाकतो तेव्हा त्याला भोवळ कशी येत नाही, हे गोएट्झ यांना शोधायचे होते. भूल दिलेल्या जिराफाला धरून ठेवायला नाकींना बागेतून बोलावले गेले. ते बागेत परतले नाहीत.

आधी पिंजरे साफ करणे, मग प्राण्यांचे वजन आणि केस काढणे, मग भूल देणे, मग टाके. शरीरशास्त्राची इंग्रजी नावे त्यांना पुस्तकातून आली नाहीत; बघून आणि ऐकून आली. बर्नार्ड यांच्याबरोबर त्यांनी त्या प्रयोगशाळेत काम केले. पुढे डॉ. रोझमेरी हिकमन यांच्याबरोबर डुकरांवरील यकृतारोपणाच्या संशोधनात ते वर्षानुवर्षे होते. यकृत जोडणे हृदयापेक्षा किचकट. शिरा जास्त, रक्त जास्त, वेळ जास्त. ती शस्त्रक्रिया नाकी करत, आणि शिकायला आलेल्या डॉक्टरांना शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेले सर्जन पुढे वेगवेगळ्या देशांत गेले. बर्नार्ड यांनी आयुष्याच्या अखेरीस जाहीरपणे मान्य केले, की शिवणकामात नाकींचा हात आपल्यापेक्षा सरस होता.

हे सगळे वर्णद्वेषी राजवटीत चालले होते, हे विसरून चालणार नाही. ग्रूट शूर रुग्णालयाचे गोऱ्यांसाठी आणि इतरांसाठी असे दोन भाग होते. ज्याच्याकडून गोरे डॉक्टर टाका शिकत, त्याला गोऱ्या रुग्णाच्या टेबलापाशी उभे राहण्याची मुभा नव्हती. बर्नार्ड यांनी दुसरे हृदयारोपण २ जानेवारी १९६८ रोजी केले, तेव्हा फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या रुग्णाच्या छातीत क्लाइव्ह हाउप्ट या मिश्रवंशीय तरुणाचे हृदय बसवले गेले. ब्लायबर्ग एकोणीस महिने जगले. म्हणजे हृदय चालत होते. ज्या समाजातून ते आले तो समाज शेजारच्या खाटेवर चालत नव्हता.

नाकी १९९१ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तिवेतन माळ्याचे मिळाले, कारण विद्यापीठाच्या कागदांत शल्यक्रिया शिकवणाऱ्या बिनपदवीच्या माणसासाठी रकानाच नव्हता. राजवट बदलल्यावर २००२ मध्ये त्यांना मापुंगुब्वे हा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि २००३ मध्ये केप टाऊन विद्यापीठाने वैद्यकातली मानद पदवी दिली. दोन वर्षांनी ते वारले.

आता माझ्या जुन्या लेखाकडे पाहतो तेव्हा त्यातली खरी चूक कळते. एका रात्रीचे खोटे श्रेय देऊन मी त्यांची कित्येक वर्षांची खरी कमाई झाकून टाकली होती. 'त्यांनी हृदय काढले' म्हटले, की ऐकणारा टाळ्या वाजवतो. 'त्यांनी डुकरांवर यकृत जोडून दाखवत तरुण सर्जनांचे हात घडवले' म्हटले, की तो पुढचे वाक्य काय याची वाट बघतो. आपल्याला श्रेय कळते ते फक्त टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाचे. म्हणून अन्याय झालेल्या माणसालाही आपण ओढून त्या टेबलापाशीच नेऊन उभे करतो. आणि खोटे उघडे पडले की खऱ्यावरचाही विश्वास उडतो. दुरुस्त्या छापून आल्यावर, 'म्हणजे तो साधा झाडूवालाच होता तर' असे म्हणणारेही मला भेटले.

पायऱ्यांच्या स्टुलावरचा माणूस

नाकींची दंतकथा लोकांना एवढी पटली, त्याचे एक कारण असे की तसे एकदा खरोखर घडले होते. अमेरिकेतल्या बॉल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात.

व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तरुण सुतारकाम करत. डॉक्टर व्हायचे म्हणून साठवलेले पैसे मंदीच्या काळात बँकेबरोबर बुडाले. १९३० मध्ये ते डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. पगारपत्रकावरची श्रेणी सफाई कामगाराची. जन्मतः हृदयात दोष असल्यामुळे निळ्या पडणाऱ्या बालकांसाठीची शस्त्रक्रिया थॉमस यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर काम करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लेलॉक यांनी ती पहिल्यांदा एका मुलीवर केली, तेव्हा थॉमस त्यांच्या खांद्यामागे पायऱ्यांच्या स्टुलावर उभे होते आणि टाका कुठून कुठे घ्यायचा हे सांगत होते. ब्लेलॉक यांनीच त्यांना तिथे बोलावून घेतले होते. त्या दिवशी हाताखाली असलेल्या शिकाऊ डॉक्टरांत डेंटन कूली होते. पुढे १९६८ च्या मे महिन्यात ह्यूस्टनमध्ये अमेरिकेतल्या पहिल्या यशस्वी हृदयारोपणांपैकी एक करणारे ते हेच. आपण टाका थॉमस यांच्याकडून शिकलो, हे कूली यांनी मोकळेपणाने सांगितले. थॉमस यांचे तैलचित्र रुग्णालयात १९७१ मध्ये लागले, मानद डॉक्टरेट १९७६ मध्ये मिळाली.

थॉमस त्या खोलीत होते. याला साक्षीदार आहेत, नोंदी आहेत. नाकी नव्हते. दोघांच्या आयुष्यात एवढे साम्य आहे, की एकाची रात्र दुसऱ्याच्या नावावर चढणे सोपे होते. इतिहास लिहिणाऱ्याचे काम अशा ठिकाणीच असते. साम्य दिसते म्हणून नोंद उचलून इकडची तिकडे करायची नसते.

परळमधले शंभर प्रयोग

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी साठच्या दशकात हाच रस्ता धरला होता. सेन, गो. भा. परुळकर, शरद पांडे आणि विकृतिशास्त्राचे किणरे यांनी कुत्र्यांवरील हृदयारोपणाच्या शंभर प्रयोगांचा प्राथमिक अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे केप टाऊनच्या दोन वर्षे आधी. फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांत, सेन यांनी मानवी हृदयारोपण केले. आशियातले हे पहिलेच. रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तो रुग्णही एक दिवस पुरा जगला नाही. सेन थांबले.

त्यांना अपयशी म्हणण्याआधी जगाकडे पाहावे. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदयारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले. दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी हे काम सोडले. हात तयार होते, पण शरीर परके हृदय नाकारते त्याला कसे रोखायचे, हे कोणाला पुरते ठाऊक नव्हते. शमवे मात्र स्टॅनफर्डमध्ये चिकाटीने करत राहिले. सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर चित्र पालटले. त्याच स्टॅनफर्डमध्ये ब्रूस रीट्झ यांनी आधी माकडांवर हृदय-फुप्फुसारोपणाचा सराव केला. माकडे दीर्घकाळ जगू लागली, तेव्हा मार्च १९८१ मध्ये मेरी गोल्की या रुग्णाला त्यांनी हृदय आणि दोन्ही फुप्फुसे एकत्र बसवली. ती पाच वर्षे जगली. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये केलेल्या पहिल्या फुप्फुसारोपणाचा रुग्ण अठरा दिवस जगला होता, हे आठवले म्हणजे मधल्या अठरा वर्षांचे मोल कळते.

आपल्याकडे आणखी एक अडचण कायद्याची होती. मेंदू मृत झालेल्या पण हृदय चालू असलेल्या माणसाला मृत मानता येत नव्हते. १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. त्यासाठी आधी ठराव करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईला मात्र ऑगस्ट २०१५ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा पुण्याहून विमानाने आलेले हृदय मुंबईत बसवले गेले. सेन यांच्या प्रयत्नानंतर सत्तेचाळीस वर्षांनी.

परळच्या त्या शंभर प्रयोगांत भूल कोणी दिली, रात्री कुत्र्यांपाशी कोण बसले, हत्यारे कोणी उकळली? अहवालावर चार नावे आहेत आणि ती योग्यच आहेत. पण शंभर प्रयोग चार माणसांनी होत नाहीत. त्या बाकीच्या माणसांबद्दल मी इथे एकही वाक्य लिहिणार नाही. गोष्ट रचण्याचा मोह मला एकदा झालेला आहे.

'सुई ढकलू नका, फिरवा'

हा लेख लिहिण्याआधी सर्जनांचे हात आज कसे तयार होतात ते पाहावे, म्हणून एका ओळखीच्या डॉक्टरांच्या शब्दावर मी तरुण सर्जनांच्या कार्यशाळेत एक दिवस मागे उभा राहिलो. आता कुत्री नाहीत. प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम कडक झाले आहेत, आणि ते झाले हे बरेच झाले. खाटिकखान्यातून आणलेली डुकराची आणि बकऱ्याची हृदये, काही फुप्फुसांसकट, स्टीलच्या ट्रेमध्ये मांडलेली होती. निळा प्रोलीन धागा दोन्ही टोकांना सुया लावून ठेवलेला. या धाग्याची खोकी मी दुकानात आयुष्यभर विकली; तो कापडातून नव्हे, मांसातून जाताना पहिल्यांदा पाहिला.

शिकवणारे ज्येष्ठ सर्जन पडद्यावर दाखवत होते. आधी डावा कप्पा, कारण तो सगळ्यांत खोल. नंतर तिथे हात पोचत नाही. फुप्फुस असेल तर आधी श्वासनळीची शाखा, मग धमनी, मग शिरांभोवतीची हृदयाची पट्टी. श्वासनळीची शिवण सगळ्यांत दगाबाज. सुरुवातीच्या काळात पुष्कळ रुग्ण ती उसवूनच गेले. घड्याळ लावलेले होते. काढलेले हृदय बर्फात साधारण चार तास टिकते आणि त्यात प्रवासही धरायचा असतो.

ट्रे भरणारे, हृदये स्वच्छ करून त्यांच्या शिरांची तोंडे नीट कापून देणारे साठीच्या घरातले एक मदतनीस होते. सगळे त्यांना मामा म्हणत. एका तरुण डॉक्टरबाईंचा टाका सारखा फाटत होता. मामा त्यांच्या बाजूने जाता जाता थांबले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सुई ढकलू नका, फिरवा. तिला जिकडं जायचंय तिकडं ती जाते." बाईंनी मनगट वळवले. टाका बसला.

आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना मी हेच पाहत आलो आहे. घोडीवरचा हस्तिदंती तुकडा किती घासायचा याचे माप पुस्तकात नाही. पोरगा घासतो, म्हातारा तार छेडून ऐकतो आणि काही न बोलता तुकडा त्याच्या हातात परत देतो. एक दिवस परत देत नाही.

संध्याकाळी मामांना म्हटले, मी यावर लिहितो आहे, तुमचा उल्लेख केला तर चालेल का? ते बादल्या धूत होते. म्हणाले, "करा की. पण मी आपरेशन करतो असं लिहू नका. मी करत नाही."

वीस वर्षांपूर्वी पोस्टकार्डावर आलेला प्रश्न मला पुन्हा, पण सोप्या शब्दांत ऐकू आला. म्हणून आता ते राहिलेले काम करतो.

शुद्धिपत्र. जून २००५ मधील 'हृदय काढणारा माळी' या माझ्या लेखात, हॅमिल्टन नाकी यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी डेनिस डारव्हॉल यांचे हृदय काढले, असे म्हटले आहे. ते चुकीचे आहे. त्याऐवजी असे वाचावे : हॅमिल्टन नाकी यांनी केप टाऊन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९५४ पासून १९९१ पर्यंत काम केले आणि अनेक सर्जनांना अवयवारोपणाची शस्त्रक्रिया हाताने करून शिकवली.

या अंकाची एक प्रत त्या शाळेत, त्या मुलीच्या नावाने पाठवत आहे. तिचे बक्षीस तिचेच राहील. चूक तिची नव्हती.